डोकं कसं दुखतं, ते सांगा

आमच्या लातूरच्या ओपीडीत रोज कुणी ना कुणी "डोकं दुखतंय, एक गोळी लिहून द्या" म्हणत येतं. पण कधीपासून दुखतंय, नेमकं कुठं, कसं चढतं आणि सोबत काय होतं, हे विचारल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही. या वेळच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत.

वय ३४, उदगीर. कधीपासूनच अर्धं डोकं ठणकतं, ओकारी येते, उजेड सोसत नाही. नवरात्राच्या उपासात तर हमखास. पूर्वी एका गोळीत थांबायचं, आता रोज गोळी घेऊनही दुखतंच. सिटी स्कॅन करू का?

ताई, ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. एका बाजूचा ठणका, मळमळ, उजेड-आवाज नकोसा होणं, कामानं वाढणं आणि गोळी न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकणं, ही तिची चाल. काहींना आधी डोळ्यांपुढं नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. तुम्हालाही दिसत असतील तर पाळणा लांबवायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रिकामं पोट, अपुरी झोप, ऊन यांनी अर्धशिशी उठते. देवीचा उपास करा, पण निर्जळी नको; दर तीन तासांनी राजगिरा, शेंगदाणे, ताक असं काहीतरी पोटात जाऊ द्या.

रोजचं दुखणं मात्र बहुधा गोळीनंच लावलंय. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, की गोळीच डोकेदुखीला कारण होते. मागच्या वर्षी एका बाईंनी माझ्या टेबलावर पिशवी उलटी केली. किराणा दुकानातून सुट्ट्या आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. आम्ही दोघींनी बसून मोजली, महिन्याच्या ५४ गोळ्या निघाल्या. "कुणी सांगितलंच नाही," म्हणाल्या. ते मला फार लागलं. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस डोकं आणखी उठतं, तिथंच माणूस पुन्हा दुकानाकडं वळतो. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. अर्धशिशी येऊच नये म्हणून काही महिने रोज घ्यायची वेगळी औषधं असतात, ती विचारा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखल्या दिवशी फुली आणि गोळी घेतल्या दिवशी गोल करा. तपासताना मला त्याचा फार उपयोग होतो. दुखण्याची चाल जुनीच असेल आणि तपासणीत काही सापडलं नाही, तर स्कॅनची गरज नसते.

मुलगा दहावीला आहे. संध्याकाळी डोक्याला पट्टा आवळल्यासारखं होतं म्हणतो. चष्मा लागला असेल?

डोळे एकदा तपासून घ्या. पण दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं, ओकारी नाही, खेळायला गेल्यावर वाढत नाही, हे वर्णन ताणाच्या डोकेदुखीचं आहे. झोप, वेळेवर जेवण आणि मान मोडून मोबाइल बघणं कमी, इतकं आधी करा. पहाटे डोकेदुखीनं जाग येऊन ओकारी होत असेल तर मात्र लगेच दाखवा.

परभणी. कपाशीवर औषध मारलं की संध्याकाळी डोकं जड होतं, मळमळतं. उन्हामुळं असेल का?

दादा, ऊन लागलं असं समजून लिंबूपाणी पिऊन झोपू नका. डोकेदुखीसोबत घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणं, छातीत घरघर, स्नायू फडफडणं यातलं काही असेल तर ती विषबाधा असू शकते. कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. कोणतं औषध होतं ते कळलं की उपचार लवकर सुरू होतात. यापुढं वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, उघड्या अंगानंही फवारू नका.

वडील ६८ वर्षांचे. महिन्यापासून कानशील दुखतं, भाकरी चावताना जबडा दुखून थांबावं लागतं. दातांच्या डॉक्टरांनी दात ठीक सांगितले.

ताई, हे पत्र वाचून मी थांबले. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी कधीच साधी धरायची नाही. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार आहे. त्यात चावताना जबडा दुखतो, केस विंचरताना टाळू दुखते आणि वेळेत उपचार झाला नाही तर डोळा कायमचा जातो. ईएसआर ही साधी रक्त तपासणी आहे, ती उद्याच करा. संशय पक्का वाटला तर डॉक्टर स्टिरॉइड लगेच सुरू करतात. नजर क्षणभर जरी अंधारली असेल तर उद्याचीही वाट बघू नका, अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठा.

गेवराई. बहीण बाळंत होऊन बारा दिवस झाले. डोकं फुटतंय म्हणते. घरचे म्हणतात वारं लागलं, डोक्याला फडकं बांधून अंधारात निजवलंय.

तुम्हाला फोनवर सांगितलं, तेच इतरांसाठी लिहिते. सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं असेल तर पहिल्या काही दिवसांत बसलं की दुखतं आणि आडवं पडलं की थांबतं असं डोकं दुखू शकतं. पण बाराव्या दिवशी आडवं पडूनही वाढणारं दुखणं वेगळं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी चढू शकतं, मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळीही होऊ शकते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची रीत या गुठळीला मदत करते. तिला तहानेइतकं पाणी प्यायला द्या. बीपी आजच मोजा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या वर असेल, धूसर दिसत असेल, ओकाऱ्या, झटका, हातापायात कमजोरी, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. बाळाला आणि डिस्चार्ज कार्डाला सोबत घ्या.