तेरा भागांत आटोपलेलं घर

प्रश्न : ताई, 'द आउटसायडर्स' हा सिनेमा माझा फार आवडता. परवा कळलं, की १९९० मध्ये त्याची टीव्ही मालिकाही निघाली होती आणि १३ भागांत बंद पडली. इतकी वाईट होती का? आणि एक नेहमीच पडणारा प्रश्न : दोन्ही टोळ्यांतली पोरं एकाच शहरातली, एकाच वर्णाची. मग एवढं वैर कशाचं?

उत्तर : वाईट नव्हती. बंद पडली म्हणजे टाकाऊच असणार, हा हिशेब मला मान्य नाही. पण तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण मालिका का जपण्यासारखी आहे ते त्यातूनच कळतं.

ओक्लाहोमातलं टल्सा हे तेलाच्या पैशावर वाढलेलं शहर. एस. ई. हिंटन तिथल्याच हायस्कुलात शिकत होती. सिनेमा ज्या कादंबरीवरून निघाला, ती तिने पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, १९६७ मध्ये ती छापून आली. शहराच्या पश्चिमेकडची श्रीमंत पोरं म्हणजे 'सोशेस' (सोशलचं लघुरूप आहे, 'सॉक्स' असा उच्चार करू नका) आणि पूर्वेकडची, केसांना तेल चोपडणारी ती 'ग्रीझर्स'.

पहिलंच प्रकरण काढून बघा. चौदा वर्षांचा ग्रीझर पोनीबॉय सिनेमा बघून एकटाच घरी निघालाय. गाडी थांबते, पाच सोशेस उतरून त्याला घेरतात. एकाच्या अंगात निळा मद्रासी शर्ट. तो शर्ट पोनीबॉयच्या डोळ्यांसमोरून पुढेही हलत नाही, आणि स्वतः मात्र तो थंडीतही घामाने भिजलेला. चाकू त्यानंतर निघतो. तुम्ही विचारलेलं वैर मला त्या चाकूपेक्षा त्या शर्टात जास्त दिसतं. मार खायच्या आधीच त्या पोराला थंडी वाजलेली असते.

दुसरी जागा पोनीबॉयच्या भावाची, डॅरीची. आईवडील मोटार अपघातात गेलेले, हा सगळ्यात थोरला, वय वीस. फुटबॉल संघाचा कप्तान होता, खेळाची शिष्यवृत्तीही मिळवली होती, पण ती धरूनही कॉलेजचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून लोकांच्या घरांवर छपरं घालायला जातो. शिडीवरून सामानाचे दोन-दोन गठ्ठे एका खेपेत चढवतो आणि रात्री पाठ धरून बसतो. मधला भाऊ सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर लागलाय, तो त्याची पाठ चोळून देतो. तिघांनी नीट वागायचं, तरच एकत्र राहता येणार. काही वेडंवाकडं झालं, तर धाकट्यांना बालगृहात नेतील. सोशेसच्या पोरांनी दारू पिऊन दंगा केला तर घरी बोलणी बसतील फार तर. इथे एका मारामारीत घरच मोडेल.

मला हे वाचताना सोसत नाही, कारण बाबा गेले तेव्हा आमचा दादा एकोणीस वर्षांचा होता. सगळं तोच बघायचा. उशीर झाला, मार्क कमी पडले, ताटात भाजी टाकली, की ओरडायचा, आणि मला वाटायचं मी त्याला नकोशी झालेय. पोनीबॉयला डॅरीबद्दल अगदी हेच वाटतं. दादा रोज रात्री वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर बेरजा करत बसायचा, त्या कसल्या हे मला फार उशिरा समजलं.

मालिका सुरू होते ती सिनेमा संपतो तिथून. पोनीबॉयचे टोळीतले मित्र जॉनी आणि डॅली गेलेत, आता हे तिघं एका छपराखाली राहणार की नाही? सिनेमाला आग, मारामारी, मरण असं सगळं दोन तासांच्या आत उरकावं लागतं. दर आठवड्याच्या मालिकेत त्या घरात जरा टेकता येतं. सिनेमाचा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला याच्याच देखरेखीखाली ती निघाली.

मग ती का चालली नाही? सगळे चेहरे नवे. पॅट्रिक स्वेझी, रॉब लो, सी. थॉमस हॉवेल यांच्या जागी बॉइड केस्टनर, रॉडनी हार्वी आणि जे फर्ग्युसन. सिनेमा मनात घेऊन बसलेल्या प्रेक्षकाला हे जड गेलं असणार. मार्चमध्ये सुरू झालेली मालिका जुलैत संपली. आणि त्याच फॉक्स वाहिनीने त्याच वर्षी ऑक्टोबरात 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०' आणली, श्रीमंत वस्तीतल्या शाळेची. तिलाही पहिल्या वर्षी प्रेक्षक बेताचाच होता. पण वाहिनीने धीर धरला, १९९१ च्या उन्हाळ्यात, बाकीच्या वाहिन्या आपले जुने भाग पुन्हा दाखवत असताना, तिचे नवे भाग लावले आणि ती २००० पर्यंत चालली. या तिघा कर्टिस भावांसाठी तेवढं थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

बघायला मिळालीच, तर आधी कादंबरी वाचून घ्या. पहिल्या भागात पोरसवदा लिओनार्डो डिकॅप्रियो अगदी छोट्या कामात आहे. सगळे त्याला शोधण्यातच गुंततात. तुम्ही तो दिसला की पुढे सरका आणि डॅरीवर नजर ठेवा.