जुलैत श्रीपाद चढायचं का?

प्रश्न: आम्ही तिघं मित्र जुलैमध्ये श्रीलंकेला चाललोय, तिथला श्रीपाद (ॲडम्स पीक) हा यात्रेचा डोंगर चढायचाच असं ठरलंय, जमेल का?

उत्तर: जमेल हो, पण जुलै म्हणजे तिकडे ऐन पावसाळा, पायऱ्या निसरड्या, वर ढग आणि जळवा तर सॉक्समधून आत घुसतात. यात्रेचा सीझन डिसेंबर ते मे, तेव्हा रात्रभर वाटेवर दिवे आणि चहाच्या टपऱ्या. उंची २२४३ मीटर, पायऱ्या साधारण ५,५००, म्हणून लोक रात्री दोनला निघतात म्हणजे सूर्योदय आणि डोंगराची ती त्रिकोणी सावली दोन्ही मिळतं. उतरताना गुडघे बोलायला लागतात, काठी घ्याच. तारखा हलणार नसतील तर सरळ पूर्व किनाऱ्यावर ‘अरुगम बे’ इथे जा, तिथे तेव्हाच सर्फिंगचा सीझन असतो, नवशिक्यांना शिकवणारेही मिळतात.