हिशेबाच्या वहीवरचं गाणं

प्रश्न: मुलगी हेलसिंकीला असते, तिने मला तिथल्या नॅशनल लायब्ररीतल्या जुन्या चर्मपत्रांचे स्कॅन दाखवले. चार लाल रेघा, त्यावर चौकोनी ठिपके, खाली लॅटिन शब्द आणि कडेला कोणीतरी भलत्याच अक्षरात काहीबाही खरडलंय. इतक्या सुंदर पानावर खरडलं कोणी? आणि अशा एकट्या पानावरून गाणं कळतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ज्याने खरडलं त्याच्यामुळेच ते पान वाचलंय हो. १५२७ पासून स्वीडनच्या गुस्ताव वासा राजाने चर्चची मालमत्ता सरकारजमा करायला घेतली, फिनलंड तेव्हा स्वीडनमध्येच होतं, पुढे देश लूथरच्या पंथात गेला आणि लॅटिन पूजेची गाण्याची पुस्तकं अडगळीत पडली. मग करवसुलीच्या कारकुनांनी ती उसवून पानं हिशेबाच्या वह्यांना कव्हर म्हणून घातली, कातडं चिवट आणि फुकटचं. कडेला खरडलंय ते बहुतेक कुठल्या भागाचा हिशेब आणि कुठलं साल एवढंच असतं. अशी पानं हेलसिंकीत साधारण १० हजार आहेत आणि स्टॉकहोमच्या सरकारी दप्तरखान्यात २० हजारांच्या वर. १८०९ला फिनलंड रशियाकडे गेलं, फिनलंडच्या हिशेबवह्या नंतर स्टॉकहोमहून फिनलंडला पाठवल्या, त्यामुळे एकाच पुस्तकाची काही पानं हेलसिंकीत, काही स्टॉकहोमात.

आता गाणं. आधी शब्द वाचायचे, दोनचार शब्द लागले तरी कँटस नावाच्या, जुन्या लॅटिन चर्चगाण्यांच्या डेटाबेसमध्ये टाकून कुठल्या सणाचं ते सापडतं. संत हेन्रिकचं नाव निघालं की नजर फिनलंडमधल्या तुर्कू शहराकडे वळते, तो फिनलंडचा संत. रेघांच्या सुरुवातीला सी किंवा एफ या पाश्चात्त्य सुराची खूण असते, म्हणजे कुठल्या रेघेवर तो सूर ते कळतं, ती दिसली की सगळे चौकोन वाचता येतात, आणि कात्रीत गेली असेल तर तीच चाल दुसऱ्या पुस्तकात शोधायची. पट्टी मात्र लिहिलेली नसते, आपण आपला सा लावतो तसं गाणाऱ्यांनी ठरवायचं.

मला सगळ्यात जीव लावते ती कस्टोस नावाची खूण. ओळ संपली की उजव्या टोकाला बारीकशी शेपटीवाली खूण काढलेली असते, पुढच्या ओळीचा पहिला सूर सांगायला, म्हणजे गाणारा अडखळू नये. पानाच्या शेवटच्या ओळीलाही ती असली की पुढचं पान हरवलेलं असलं तरी त्यावरचा पहिला सूर आपल्याला कळलेला असतो! मग स्टॉकहोमच्या पानांत तेच हस्ताक्षर, रेघांमधलं तेवढंच अंतर असलेलं पान मिळालं की पहिला चौकोन त्याच सुराचा आहे का बघायचं, आणि गाण्याचे शब्दही पुढे जुळले तर साडेचारशे वर्षांपूर्वी उसवलेली जोडी सापडली म्हणायची.

मुलीला सांगा, स्कॅन झूम कर आणि शेवटच्या ओळीचं उजवं टोक बघ.