पायथॉनमध्ये हिशोब करताना युनिट कुठे ठेवायचं, व्हेरिएबलच्या नावात की कॉमेंटमध्ये?

दोन्हीकडे नको. कॉमेंट मशीन वाचत नाही आणि नावात ‘मिमी’ लिहून आत मीटर भरणारे महाभाग आमच्याच ऑफिसात आहेत. युनिट आकड्यालाच चिकटलेलं पाहिजे, त्यासाठी पिंट नावाची लायब्ररी आहे ती टाका. आत काय होतं तर आकड्याबरोबर युनिट आणि त्याचा घात असं ठेवलेलं असतं, म्हणजे वेग असेल तर मीटरचा १ आणि सेकंदाचा उणे १, गुणाकारात घात मिळवायचे, भागाकारात वजा करायचे, आणि बेरीज करायची तर दोन्हीकडची जात एकच हवी (लांबीत लांबी, वेळेत वेळ), नाहीतर एरर.

माझं काम पावसाच्या पाण्याच्या नाल्यांचं, अंधेरीला ऑफिस. मुंबईतले जुने नाले तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेले, नंतर ब्रिमस्टोवॅड या नाले सुधारण्याच्या प्रकल्पात ५० मिमी धरले. तर एकदा नवीन पोराने २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिमी हा आकडा थेट पावसाच्या तीव्रतेच्या जागी टाकला. आता ९४४ मिमी हा २४ तासांतला एकूण पाऊस, तो तासाचा दर नाहीच, नाल्याकडे पाणी येणाऱ्या १० हेक्टर क्षेत्राने गुणलं की ९४,४०० घनमीटर पाणी येतं, आणि आम्हाला हवे होते घनमीटर प्रति सेकंद. पिंटने तिथेच हात वर केले. एक्सेल असतं तर आकडा आला असता आणि कोणी बघितलाही नसता.

पण म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कारण पुढची चूक खुद्द माझी. नाल्यात सेकंदाला किती पाणी येईल याचा पुस्तकात फॉर्म्युला असतो सी गुणिले आय गुणिले ए भागिले ३६०, सी म्हणजे पावसातला किती हिस्सा वाहून येतो तो, आय पावसाची तीव्रता मिमी प्रति तास, ए क्षेत्रफळ हेक्टरमध्ये. १० हेक्टर, ५० मिमी प्रति तास, सी सोयीसाठी १, उत्तर १.३९ घनमीटर प्रति सेकंद. हा ३६० म्हणजे खरं तर युनिटचं रूपांतरच आहे हो, फक्त आकड्याचा वेष घालून बसलंय. पिंट रूपांतर स्वतःच करतं आणि मी ३६० तसाच ठेवला, त्यामुळे उत्तर ३६० पट कमी आलं, आणि एरर काहीच नाही कारण साध्या ३६० ला युनिटच नसतं. एवढ्या पाण्याला नाला कशाला, घरातला पाईप पुरला असता, म्हणून लक्षात आलं.

याच्या उलटं पण होतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातला काँक्रीटच्या लवचिकता गुणांकाचा फॉर्म्युला, ५००० गुणिले एफसीकेचं (काँक्रीटच्या दाब सोसण्याच्या ताकदीचं, मेगापास्कलमध्ये) वर्गमूळ, एम२५ म्हणजे २५ मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीटला २५,००० मेगापास्कल येतं. यात युनिटसकट एफसीके घातलं की मेगापास्कलचं वर्गमूळ होतं आणि गाडी अडते. तिथे मेगापास्कलमधला नुसता आकडा काढायचा, गणित करायचं, वर परत मेगापास्कल लावायचं. तेव्हा पुस्तकातून फॉर्म्युला उचलताना प्रत्येक नुसता आकडा संशयाने बघा, हा खरंच बिनयुनिटचा आहे का ते.

अक्षरांतलं गणित सोडवायचं असेल तर त्यासाठीच्या सिम्पाय या पायथॉन लायब्ररीमध्येही युनिट्स आहेत, पण रोजच्या आकडेमोडीला मला ते जड वाटतं.

आणि हो, पिंटची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या युनिट्सची यादी जिच्यात असते ती, प्रत्येक फाईलमध्ये नवीन बनवू नका, एका फाईलमध्ये एकदाच बनवा आणि बाकी सगळीकडे तीच इम्पोर्ट करा. दोन वेगळ्या रजिस्ट्रीतले मीटर एकमेकांत मिळवता येत नाहीत, माझा अख्खा शनिवार यात गेलाय.