आवर्तसारणी: दोन्ही शब्द पाण्याचे

पारोळ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाने दहावीच्या चाचणीत मूलद्रव्यांच्या तक्त्याला, म्हणजे पिरिऑडिक टेबलला, 'आवर्तनसारणी' लिहिलं, बाईंनी अर्धा गुण कापला. बरोबर शब्द कोणता? आणि उभ्या रकान्याला 'गण' का म्हणायचं?

पुस्तकातला शब्द 'आवर्तसारणी', तोही जोडून. समास आहे, मधे जागा सोडून त्याचे दोन तुकडे करू नयेत. 'आवर्त' आणि 'आवर्तन' हे दोन्ही आ + वृत् या एकाच घरचे, वळून परत येणं हा अर्थ दोघांतही आहे. म्हणजे मुलाने रूढ शब्द चुकवला, अर्थ नाही. माझा संताप होतो तो 'आवर्त म्हणजे आडवी ओळ, पाठ कर' या वाक्याचा. वर्षानुवर्षं ऐकतोय. ओळ आडवी आहे म्हणून तिला आवर्त म्हणत नाहीत हो! ती संपली की गुणधर्म फिरून परत येतात म्हणून म्हणतात.

आणि हे खान्देशातल्या पोराला समजावून सांगावं लागावं? जामदा कालव्याला आवर्तन सुटलं, 'पानी उनं' अशी हाक आली, की अख्खं शिवार जागं होतं. पाणी येतं, शेवटच्या शेतापर्यंत जातं, बंद होतं, ठरल्या वेळी पुन्हा सुटतं. आता सारणीतलं तिसरं आवर्त बघा. सुरुवात सोडिअमने: सुरीने कापावा इतका मऊ धातू, पाण्यात टाकला की भडकतो. मग मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम. सिलिकॉनपाशी धातूपण पातळ होतं, पुढे फॉस्फरस, गंधक, क्लोरीन, आणि शेवटी कुणाशीच संयोग न करणारा अरगॉन. आवर्तन संपलं. त्यानंतर पोटॅशिअम, केळीला देतो त्या पोटॅशमधलं. पुन्हा मऊ, पुन्हा पाण्याशी भडकणारं. पाणी पुन्हा सुटलं!

कालव्याची सगळी आवर्तनं सारख्या दिवसांची नसतात, तशी ही आवर्तंही सारखी नाहीत. एकेकातली मूलद्रव्यं मोजा: 2, 8, 8, 18, 18, 32, 32. बेरीज 118. न्यूलँड्स या रसायनशास्त्रज्ञाने 1865 साली प्रत्येक आठव्या मूलद्रव्याशी गुण जुळतात असा हट्ट धरला आणि कॅल्शिअमच्या पुढे त्याचं गणित फसलं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1869 मध्ये तो हट्ट धरला नाही, उलट रिकाम्या जागा ठेवल्या. त्यातल्या ॲल्युमिनिअमखालच्या जागेला त्याने नाव दिलं 'एका-ॲल्युमिनिअम'. हा 'एका' म्हणजे संस्कृतातला 'एक'च. 1875 मध्ये तिथे गॅलिअम सापडलं. ते 30 अंशांच्या आतच वितळतं, म्हणजे जळगावच्या मे महिन्यात ते सावलीतही घट्ट राहायचं नाही. या एका उपसर्गावरून मेंडेलीव्हने सारणीची कल्पनाच संस्कृत व्याकरणकार पाणिनीकडून घेतली असं काही विद्वान सुचवतात. मला ते मुळीच पटत नाही. अंक उसना घेतला म्हणून विचारही उसना ठरत नाही.

आता 'सारणी'. परवा एका व्याख्यानात ऐकलं, 'सार सांगते ती सारणी'. साफ चूक! असली व्युत्पत्ती टाळ्यांसाठी ठीक, शब्दासाठी नाही. संस्कृतात सारणि म्हणजे पाण्याचा पाट, छोटा कालवा. धातू सृ, वाहणं. पाटातून पाणी जावं तसे रकान्यांतून आकडे जातात म्हणून ज्योतिषांनी तक्त्याला सारणी म्हटलं असणार. पंचांगातली लग्नसारणी आजही आहेच. आवर्त म्हणजे पाण्याचा भोवराही. दोन्ही शब्द पाण्यातून आलेले, आणि आपण ते कोरड्या चौकटींत ठेवून दिलेत.

याहून पुढचं माझं मत आहे, आणि मी ते सोडणार नाही. पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या रीतीत, बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, आणि चारीतून एकेका शेतात पाणी नेणाऱ्या बारीक पाटाला 'सारंग' म्हणतात. या सारंगात मला तीच सारणि दिसते. माझे व्याकरणवाले स्नेही म्हणतात, 'ण'चा 'ंग' कोणत्या नियमाने झाला ते दाखवा. नियम नाही दाखवता येत. पण धातूचा अर्थ वाहणं, वस्तू वाहता पाट, आणि शब्दाची पहिली दोन अक्षरं तीच. हरणाच्या किंवा रागाच्या सारंगाशी शेतातल्या पाटाचा काय संबंध, ते त्यांनी आधी सांगावं.

ताई, गण म्हणजे समूह, एका स्वभावाच्या मूलद्रव्यांचा. सोडिअम आणि पोटॅशिअम एकाच गणातले. अर्धा गुण मागायला जाल तेव्हा बाईंना कालव्याचं आवर्तन जरूर सांगा. आणि साक्री-धुळ्याकडे तुमचं कुणी फडावर राबत असेल, तर त्यांच्या गावात 'सारंग' नेमकं कशाला म्हणतात, एवढं त्यांना विचारून मला कळवा.