तंबूची मोडलेली दांडी

प्रश्न : म्हैसमाळच्या मुक्कामात वाऱ्याने आमच्या तंबूची ॲल्युमिनियमची दांडी एका तुकड्याच्या मधोमध मोडली. तशी नळी छत्रपती संभाजीनगरात कोठे शोधावी?
– एक वाचक, कन्नड

उत्तर : प्रथम नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या सरकत्या मोजपट्टीने) मोजावा, तो बहुधा ८.५ ते ९.५ मिलिमीटर असतो. खिडक्यांच्या चौकटीचे ॲल्युमिनियम येथे चालत नाही; ते मऊ असल्याने वाकले की वाकलेलेच राहते, तर चांगल्या तंबूची नळी जस्तयुक्त मिश्रधातूची असल्यामुळे कमान होऊनही पुन्हा सरळ होते. म्हणून हुबेहूब नळीसाठी पायपीट करण्यापेक्षा, मोडलेल्या जागेवर जेमतेम सरकेल अशी सुमारे १५ सेंटीमीटरची स्टेनलेस स्टीलची नळी वाळूजकडील एखाद्या लेथवाल्याकडून कापून घ्यावी आणि तिच्या कडा कानशीने घासाव्यात, नाहीतर तंबूचे कापडच फाटेल. टोके चिकटपट्टीने बांधली की पुरे.