पोलिटिकल करेक्टनेसमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत चाललंय का?

पोलिटिकल करेक्टनेस, म्हणजे कुणाला टोचणार नाहीत असेच शब्द वापरायचा आग्रह, यावर तुम्ही लिहिलंय, ‘हल्ली काही बोलायची सोय राहिली नाही, आंधळ्याला आंधळा म्हटलं तरी लोक अंगावर येतात.’ येऊ देत की! तुम्ही बोललात, ते बोलले. यात गळचेपी कुठे झाली? गळचेपी मी पाहिली आहे, तीही घरातच.

१९९४ साल. लग्न होऊन मी नुकतीच बडोद्याला आले होते. दांडिया बाजारात आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी एकांकिका व्हायची. त्या वर्षी ती मी लिहिली. त्यात एक तोतरा नोकर होता, गोप्या. तो ‘प-प-पाणी’ म्हणायचा आणि लोक हसून लोळायचे. शिवाय एका काकांच्या तोंडी एक वाक्य होतं: ‘आमच्याकडे सुरसागरात गणपतीच्या मागोमाग वर्गणीच्या हिशेबाचंही विसर्जन होतं.’

मंडळाचे चिटणीस म्हणजे माझे मोठे दीर. तालमीच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागून घेतली आणि हिशेबाच्या वाक्यावर लाल पेन्सिलीने अशी काट मारली की कागद फाटला. ‘कार्यकर्त्यांच्या भावना दुखावतात,’ म्हणाले. ‘वाक्य ठेवायचं असेल तर प्रयोग रद्द.’ नवी सून मी, काय बोलणार? गोप्याला मात्र कुणी हात लावला नाही. उलट त्याची दोन वाक्यं वाढवून मागितली.

पडदा ओढायला गल्लीतलाच एक मुलगा होता. चौदा-पंधराचा असेल. तो अडखळत बोलायचा. हे मला तालमीतच कळलं होतं, तरी मी गोप्या ठेवला, कारण हशा हमखास होता. प्रयोगात तोही विंगेत उभा राहून हसला. दिवाळीच्या सुमारास खंडेराव मार्केटात त्याला कुणीतरी ‘ए गोप्या’ म्हणून हाक मारली, तेव्हा माझ्या हातातली पिशवी जड झाली. पुढच्या वर्षी तो पडद्याला आला नाही.

आता सांगा, भावना कुणाच्या दुखावल्या आणि मोजल्या कुणाच्या गेल्या? तोतरा नोकर आज मी स्वतःहून काढीन, त्यासाठी कुणी बंदी घालायची गरज नाही. ती माझी अक्कल, उशिरा आलेली. हिशेबाचं वाक्य मात्र ठेवीन. तुम्ही या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरताय, आमचे भाऊजीही तेच करतात. हल्ली तेच घरच्या ग्रुपवर ‘आता विनोदही करता येत नाही’ म्हणून गळा काढतात!

नाटकं कापायची हौस जुनीच आहे. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं, त्यावरही नाटक निघालं. निळीच्या आणि चहाच्या मळ्यांवरच्या जुलमाबद्दलची नाटकं तर होतीच. १८७६ मध्ये सरकारने नाट्यप्रयोगांवर बंदी घालता येईल असा कायदाच आणला. तो रद्द व्हायला १४० वर्षांहून जास्त लागली. आणि २००७ मध्ये इथल्याच सयाजीराव विद्यापीठात परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून ललित कलेच्या विद्यार्थ्याला अटक झाली, त्याच्या पाठीशी उभे राहिलेले अधिष्ठाता निलंबित झाले. तिथे ‘दिव्यांग म्हणा’ असं सांगणारं कुणी आलं नव्हतं, पोलीस आले होते.

हां, एक राहिलं. घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या बंधनांची कारणं दिली आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, सभ्यता वगैरे. नुसतं ‘भावना दुखावल्या’ हे त्यात नाही, पण धार्मिक भावनांसाठी जुन्या दंडसंहितेत कलम २९५ अ होतं, आता भारतीय न्यायसंहितेत कलम २९९ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवलंत तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागतो, आणि लागावाच. त्यामुळे माझं ऐकून काहीही बोलत सुटू नका. मी वकील नाही.

आंधळ्याला काय म्हणायचं ते त्यालाच विचारा. भाऊजी हे वाचतीलच, कुणीतरी पाठवेलच त्यांना. तर भाऊजी, ९४ सालची वर्गणीची वही अजून दाखवायची राहिली आहे.